पहिला खोका पोपटच्या हातचा

माझी चहा-नाश्त्याची टपरी गोडाऊनच्या गेटला लागून आहे. मानपाड्याच्या पुढे, कल्याण-शीळ रस्त्याला. त्यामुळे आत काय येतं, बाहेर काय जातं, कोण कोणाला शिव्या घालतं, सगळं मला दिसतं. नको तेही दिसतं. लोक म्हणतात रंगूबाई फार बोलते. बोलते. ज्यांनी बोलायला पाहिजे होतं ते तोंड शिवून बसले, मग मी तरी बोलायला नको?

पोपट काटकर आमच्या गोडाऊनचा सगळ्यात जुना हमाल. मूळचा माणदेशातला. काळा, हडकुळा, आणि हात मात्र सुपाएवढे. बायको लवकर गेली, एकच मुलगी, माया. तिला त्यानेच वेणीफणी करून वाढवली आणि कल्याणजवळ मोहने गावात साईनाथच्या घरी दिली. माणूस म्हणून वाईट नव्हता, पण थोडा फुगलेला असायचा. का फुगलेला, ते सांगते.

आमच्या गोडाऊनचं काम तसं सोपं आहे. न्हावाशेवाला जहाज लागतं. जहाजातून कंटेनर उतरतो, ट्रेलरवर चढतो आणि कळंबोली, तळोजा करत आमच्या दारात येतो. इथे तो रिकामा करायचा, मालाच्या वाटण्या करायच्या आणि छोट्या गाड्यांत भरून पुढे धाडायचा. नाशिकला एवढा, जळगावला तेवढा, नागपूरला, सुरतेला. धुळ्यातल्या पोरीची बाहुली, जालन्यातल्या हॉटेलाचा नळ, नाशकातल्या लग्नात ताटात ठेवतात ती हिरवी किवी, सगळं आधी इथे उतरतं. जहाज एका धक्क्याला थांबतं आणि त्याच्यातला माल अर्ध्या मुलखात जातो. कस्टमवाले सोडले, तर त्या मालाला इकडच्या माणसाचा पहिला हात लागायचा तो पोपटचा.

कारण पोपटला हातगुण होता म्हणे. गोडाऊन नवीन असताना पहिल्या कंटेनरची पूजा शेठ करणार होते. शेठ अडकले शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये. ट्रेलरवाला बोंबलायला लागला, म्हणून पोपटने नारळ फोडला, कटरने सील कापलं आणि पहिला खोका स्वतः उचलून बाहेर ठेवला. संध्याकाळपर्यंत माल सगळा उठला. झालं. शेठ म्हणाले, आजपासून प्रत्येक कंटेनर पोपटच उघडणार. तेव्हापासून दररोज सकाळी हा बाबा माझ्या नळावर हात धुवायचा, कंटेनरच्या दाराला हळदीकुंकवाचं बोट लावायचा, नारळ फोडायचा, सील कापायचा. त्याने पहिला खोका बाहेर ठेवल्याशिवाय बाकीचे हमाल आत पाय टाकायचे नाहीत. ट्रेलर चालवणारा तानाजीसुद्धा पोपट दिसेपर्यंत गाडी मागे घ्यायचा नाही.

"रंगूबाई, आख्ख्या महाराष्ट्राचा माल या हातातून सुटतो," असं तो मला हात दाखवून सांगायचा.

"मग घरी जाताना हात इथेच ठेवून जात जा," मी म्हणायचे. "लोकलमध्ये कोणी मारला तर महाराष्ट्र उपाशी मरायचा."

हसायचा. पण मनातून त्याला ते खरं वाटायचं. आणि त्याला एकट्याला नाही. मानपाड्याच्या चाळींत बाळ जन्मलं की मधाचं बोट लावायला पोपटला बोलावणं यायला लागलं. ज्याचं बोट बाळाच्या जिभेला पहिलं लागतं त्याचा गुण बाळात उतरतो, असं आमच्यात मानतात. कितीतरी पोरांनी पोपटचं बोट चाटलंय. त्याच्याबरोबर काम करणारा काळुराम, त्याच्याही पोराने.

पण खरं बोट ज्याच्यासाठी राखून ठेवलेलं ते बाळ येत नव्हतं. मायाला लग्नानंतर कितीतरी वर्षं मूल नव्हतं. सासू येता-जाता टोचायची. एकदा राहिलं, ते तिसऱ्या महिन्यात गेलं. तेव्हा हॉस्पिटलच्या पायरीवर पोपट लहान पोरासारखा रडलेला. माया त्याला म्हणाली, "बाबा, रडू नका. पुढच्या वेळी मध तुम्हीच लावायचा. मग काही होणार नाही." त्याने महाबळेश्वरची मधाची बाटली आणून माझ्या टपरीच्या फळीवर ठेवली. गोडाऊनमध्ये मुंग्या होतात म्हणून. कोणी चहात घालायला मागितली की मी चमचाच उगारायचे.

मायाला पुन्हा दिवस राहिले तो हिवाळा. त्याच हिवाळ्यात तिकडे समुद्रात काहीतरी पेटलं. तानाजीने मला सांगितलं, "रंगूताई, जहाजांवर बॉम्ब टाकतायत. युरोपातून येणारी जहाजं आता नेहमीच्या वाटेने येत नाहीत, आख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून येतायत. कधी येणार, कोण सांगणार." मी म्हटलं, आपल्याला काय त्याचं. आपल्याला काय असतं, ते मग कळलं.

शेठनी तेव्हाच थंड खोली बांधलेली, युरोपातल्या सफरचंदांसाठी. मोठा कार्यक्रम ठेवलेला. शेठ आले, शेठाणी आल्या, त्यांची सून मोबाईल धरून उभी. कंटेनर येऊन लागला तो किती उशिराने, ते विचारू नका. पोपटने नवा शर्ट घातलेला. नारळ फोडला. खोबरं पांढरंशुभ्र निघालं, मी बघितलंय. सील कापलं, दार उघडलं.

बाई गं, तो वास. उकिरड्याला सुटत नाही असला वास. खोके खालून भिजून बसलेले आणि सफरचंदांचं काळं पाणी दारातून पोपटच्या पायावर गळायला लागलं. शेठाणींनी पदर नाकाला लावला. सुनेने मोबाईल खाली घेतला. आणि या गाढवाला एवढीही अक्कल नाही, की आता मागे व्हावं. सवयीने त्याने पहिला खोका उचलला. खोक्याचं बूड निघालं आणि सगळी घाण शेठच्या पांढऱ्या बुटांवर पडली.

शेठ काही ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी सुपरवायझरकडे बघितलं. सुपरवायझर म्हणजे सिद्धेश, बीकॉम झालेला, नेहमी इस्त्रीचा शर्ट. सिद्धेश म्हणाला, "शेठ, मागच्या कंटेनरमध्येपण खोके फुटलेले. तोपण यानेच उघडलेला."

मागून कोणीतरी बोललं, "पनवती."

एवढाच शब्द. पण गोडाऊनमध्ये शब्द पडला की उचलायला हमाल पुष्कळ असतात.

त्याच जहाजावरचा दुसरा कंटेनर मग आला. या वेळी पोपटला बाजूला ठेवलं आणि नारळ काळुरामच्या हाती दिला. तोही माल सडका निघाला. निघणारच. एकाच जहाजात एकाच उन्हात दोन्ही फिरून आलेले. आता तरी पोपट सुटेल असं मला वाटलं. छे. काळुरामला कोणी ब्र काढला नाही. विचारलं काय, तर पोपट कुठे होता? पोपट माझ्या टपरीवर चहा पीत होता. मग म्हणे त्याची नजर पडली. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात ते ऐकलं होतं, त्या दिवशी बघितलं.

मी सिद्धेशला गाठलं. म्हटलं, "अरे, शिकलेला ना तू? तानाजीला कळतं ते तुला कळत नाही?"

चहा फुंकत शांतपणे म्हणाला, "रंगूबाई, मला सगळं माहितीय. जहाज कुठून आलं, किती दिवस लोंबकळलं, मोबाईलवर दिसतं. पण शेठला ते सांगून काय होणार? ते विचारणार, उशीर दिसत होता तर ऑर्डर कमी का नाही केलीस. आणि जहाजाला कामावरून काढता येतं का? पोपटला बाजूला केलं की शेठला बरं वाटतं. कोणाचं काय गेलं?"

त्याच्या कपात थुंकावंसं वाटलं मला. नाही थुंकले, कप माझाच होता.

पोपटला कामावरून काढलं नाही. तेवढे ते चांगले. त्याला सांगितलं, सकाळी पुढच्या गेटने यायचं नाही, मागे नाल्याच्या बाजूने यायचं. कंटेनर उघडेपर्यंत संडासाशेजारी बसायचं, मग झाडू मारायचा. ज्या माणसाशिवाय दार उघडत नव्हतं तो संडासाशेजारी. हमालांनी त्याच्या डब्याच्या खुंटीला लिंबू-मिरची बांधली. ट्रेलरवाले सकाळी तो समोर दिसला की गाडी थांबवून थुंकायचे. तानाजीसुद्धा. मी तानाजीला म्हटलं, "मेल्या, आफ्रिकेची गोष्ट तूच सांगितलीस ना?" तर म्हणतो, "ताई, ते बरोबरच आहे. पण आपण कशाला रिस्क घ्या."

सगळ्यात वाईट काळुराम. याच्या पोराचा बोलताना थोडा 'र' अडायचा, पोरांचा अडतो. एक दिवस भर दुपारच्या जेवणात, सगळ्यांसमोर पोपटला म्हणाला, "तुझं बोट लागलं म्हणून माझं पोरगं असं बोलतं." पोपटच्या हातात भाकरीचा तुकडा होता. त्याने तो डब्यात परत ठेवला आणि डबा बंद केला. काळुरामला मी तेव्हापासून उधार सोडा, साधं पाणीही दिलेलं नाही.

पोपट सगळं ऐकून घ्यायचा आणि एकच सांगायचा. "जाऊ दे रंगूबाई. मायाचं सुखरूप होऊ दे. तिच्या बाळाला बोट लावलं की सगळ्यांची तोंडं बंद." बाटली फळीवर होतीच. जाता-येता तो तिच्याकडे बघायचा. हात नाही लावायचा, बघायचा फक्त.

मग सिद्धेशच्या डोक्यात ती मस्ती आली. रस्त्याच्या पलीकडे दुसऱ्या पार्टीचं गोडाऊन आहे, आमचाच धंदा. एक दिवस त्यांचा कंटेनर येत होता. सिद्धेश माझ्या टपरीवर पाचपन्नास माणसांत म्हणाला, "पोपट, जरा समोर जाऊन उभा राहा त्यांच्या गेटवर. बघू तुझ्या हाताला अजून करंट आहे का."

सगळे खदाखदा हसले. पोपटही हसला, त्याला वाटलं चेष्टा आहे. सिद्धेश म्हणाला, "हसतोस काय? जा. झाडू मारण्यापेक्षा बरं काम आहे."

गेला. रस्ता ओलांडून त्यांच्या गेटसमोर उभा राहिला, हात मागे बांधून. आणि नशीब बघा कसं दात विचकतं. त्यांच्या फोर्कलिफ्टवरून माल घसरला आणि नळांचे खोकेच्या खोके खाली आले. कावळा बसायला आणि फांदी मोडायला. आमच्या गेटवर शिट्ट्या वाजल्या. कोणी पोपटला खांद्यावर घेतो म्हणाला, पण त्याला हात लावायला कोणी पुढे झाला नाही.

त्या दिवसापासून तेच त्याचं काम झालं. समोर कंटेनर आला की पोपटला पाठवायचं. समोरच्यांनीही बांगड्या भरलेल्या नव्हत्या. आधी शिव्या दिल्या, मग अंगावर पाणी टाकलं, मग एक दिवस कोणीतरी लाकडी पॅलेटची फळी फेकून मारली. कपाळ फुटलं. माझ्या बाकड्यावर बसवून मी हळद दाबली.

"नको जाऊस म्हणून सांग ना," मी म्हटलं. "जीभ झडलीय का तुझी?"

"हे नाही केलं तर दुसरं काय काम देणार मला? या वयात कुठे जाऊ?" मग आवाज बारीक करून म्हणाला, "आणि रंगूबाई, काहीतरी असेल गं हातात. त्यांचे खोके पडले ना खरंच."

मला एवढा राग आला. मी त्याचा पंजा धरून त्याच्याच तोंडासमोर नाचवला. "यात घाम आहे आणि घट्टे आहेत. दुसरं काही नाही. आधी पण नव्हतं, आता पण नाही." त्याला ते आवडलं नाही. हात शुभ होता हे खरं मानायचं, तर अशुभ झाला हेही खरं मानावं लागतं, आणि पहिलं सोडायची त्याची तयारी नव्हती.

इकडे जहाजं लांबच्या वाटेने का होईना, पण वेळ धरून यायला लागली. व्यापाऱ्यांनी हिशेब बदलले, माल लवकर निघायला लागला. सफरचंदं पुन्हा ताजी उतरायला लागली. आणि तोवर नारळ कोण फोडत होतं? सिद्धेश. इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या दुमडून सील कापायचा, पहिला खोका दोन बोटांनी नुसता शिवायचा आणि हमाल तो उचलायचे. हातगुण आता सिद्धेशचा झाला. चाळीत बाळ झालं की बोलावणं सिद्धेशला.

मायाला मुलगी झाली तो दिवस मला स्वच्छ आठवतो. दुपारची वेळ, मी भजी काढत होते. पोपट पुढच्या गेटने पळत आला, कोणाला न जुमानता. "झालं गं, मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत." माझ्या नळावर साबणाने हात धुतले. पुसले, परत धुतले. नखं घासली. मी फळीवरून बाटली काढून दिली. म्हटलं, "जा, लाव बोट. आणि येताना त्या काळुरामच्या तोंडावर पेढा मार." माझ्या डोळ्यांत पाणी होतं, सांगायला लाज कसली.

दुसऱ्या दिवशी आला तो पेढे घेऊन. मी विचारलं, "लावलंस बोट?"

"नाही. सिस्टर ओरडली. हल्ली मध देत नाहीत म्हणे तान्ह्या बाळाला. बंद केलंय सगळं."

मला वाईट वाटलं, पण थोडं बरंही वाटलं. म्हटलं, सुटला. कोणी नाही म्हणायच्या आत सिस्टरच नाही म्हणाली. आता बाटलीचा विषय संपला.

बारशाला मी मोहन्याला गेलेले. कुंची शिवून घेतलेली, लाल, मोत्यांची किनार. पोपट खाली बिल्डिंगच्या पायरीवर बसलेला, चपलांच्या ढिगाशेजारी. "वर चल की," मी म्हटलं. "येतो, तू हो पुढे," म्हणाला. मी वर गेले. पाळण्याला फुगे, बायकांची गर्दी. आणि मधोमध खुर्चीवर कोण? सिद्धेश. मांडीवर शाल, हातात नारळ. जावयाचा मान द्यावा तसा बसवलेला.

मायाची सासू मला हाताला धरून पुढे घेऊन गेली. "या रंगूबाई. हे आमचे सिद्धेशसाहेब. घरी आणल्यावर आमच्या सान्वीला मधाचं बोट यांनीच लावलं. एवढा मोठा हातगुण, पण गर्व नाही हो. बोलावल्यावर आले."

मी मायाकडे बघितलं. ती पाळण्याची दोरी धरून होती. तिने मान खाली घातली नाही, उलट माझ्याकडे सरळ बघून हळूच म्हणाली, "काकू, इतक्या वर्षांनी झालीय. एक गेलंय माझं. मला रिस्क नको होती. बाबांना मीच सांगितलं, तुम्ही नको म्हणून."

"मग सिस्टर?"

"कुठली सिस्टर?"

  कुंची पाळण्याच्या कडेला ठेवली आणि जिना उतरून खाली आले.

पोपट तिथेच होता. "खोटं कशाला बोललास माझ्याशी?" मी विचारलं.

"लोकांना काय सांगणार? पोरीने नको म्हटलं म्हणून सांगू? लोक तिलाच नावं ठेवतील." मग म्हणाला, "बरोबरच आहे तिचं. बाटलीपण मी उघडली नाही गं. जावयाने उघडली, साईनाथने. म्हटलं, मधाला तरी माझा हात नको लागायला."

"आणि बाळाला?"

"दारातून बघितली. गोरी आहे, आईवर गेलीय." खूश होता बोलताना. "बोट लावायला सिद्धेशसाहेब आले हे मोठं झालं. आधी नाहीच म्हणत होते. मी पाया पडलो, मग आले. रिक्षाने घेऊन आलो मीच, पुढे ड्रायव्हरशेजारी बसून."

वरून सिद्धेश उतरला. पेढ्याचा हात रुमालाला पुसत होता. पोपटला बघून म्हणाला, "पोपट, उद्या समोरच्यांचे कंटेनर आहेत. लवकर ये."

"येतो साहेब."

सिद्धेश चपलांच्या ढिगात बूट शोधायला लागला. पोपट घाईने वाकला. बूट त्याच्याच पायाशी होते, ते उचलून पुढे ठेवायला हात लांब केला.

"राहू दे, राहू दे," सिद्धेश पाय मागे घेत म्हणाला. "तू हात नको लावूस."

पोपटने हात मागे घेतला आणि खिशात घातला.